कला जगवायची, की जात?

मागच्या उन्हाळ्यात डोंबिवली पूर्वेच्या एका सोसायटीतून आमच्याकडे निरोप आला. त्यांचं मुलांचं सुट्टीतलं शिबिर होतं. "तुमच्या ओळखीत केरसुणी बनवणारं कुणी आहे का? आपल्या पारंपरिक हस्तकला मुलांना कळायला हव्यात हो. सगळं नष्ट होत चाललंय."

आमच्याकडे म्हणजे आम्ही सात-आठ जण मिळून पश्चिमेला जी अभ्यासिका चालवतो तिथे. आमच्यात बौद्ध आहेत, मातंग आहेत, चर्मकार आहेत, एक कुंभार आहे. स्पर्धा परीक्षेची पोरं दिवसभर वाचत बसतात, रविवारी आमच्या बैठका होतात. केरसुणी बनवणारं माणूस शोधायला लांब जायची गरज नव्हती. अभ्यासिकेत रोज येणाऱ्या एका मुलीची आजीच खाडीकडच्या चाळीत राहते. १९७२ च्या दुष्काळात ती नवऱ्याबरोबर माणदेशातून आली. चार घरची धुणीभांडी करून ती दिवाळीच्या आधी दोन महिने केरसुण्या बांधते आणि धनत्रयोदशीपासून स्टेशनबाहेर विकायला बसते.

आम्ही विचारायला गेलो. आजी म्हणाली, "शिकवीन की. कुणाबी शिकवीन. पण माझ्या नातीला न्हाई."

हे वाक्य आम्ही तेव्हा हसण्यावारी नेलं. आता वर्ष झालं, ते डोक्यातून जात नाही. हा लेख त्या वाक्याबद्दलच आहे.

आधी शिबिरात काय झालं ते सांगतो. शिबिराच्या पत्रकावर ओरिगामी शिकवणाऱ्या बाईंचं नाव होतं, वारली चित्रकला शिकवणाऱ्या तरुणाचं नाव होतं. आजीच्या पुढे नाव नव्हतं, ‘ग्रामीण कारागीर’ असं होतं. पन्नास वर्षं डोंबिवलीत राहिलेली बाई ग्रामीण! बाकीच्यांना टेबल-खुर्ची दिली होती. आजीला सतरंजी, कारण "ते कसं, अस्सल वाटतं." नऊवारी नेसून या, असं आदल्या दिवशी कळवलं होतं. मुलांनी मात्र जीव लावून केलं. एका छोट्या मुलाने मूठ इतकी घट्ट बांधली की आजीने त्याचा हात धरून सगळ्यांना दाखवला. मग एक गृहस्थ पुढे आले आणि गोड आवाजात म्हणाले, "मावशी, आडनाव काय म्हणालात?"

शेवटी बाकीच्यांच्या हातात मानधनाची पाकिटं पडली. आजीला नारळ आणि ब्लाऊजपीस. आम्ही विचारलं तेव्हा उत्तर आलं, "अहो, पैशांत मोजायची का ही कला? हा तर सन्मान आहे."

वा! ओरिगामी पैशांत मोजता येते, केरसुणी येत नाही. ओरिगामी बाईंनी शिकून घेतलेली असते म्हणून तिला फी. केरसुणी आजीच्या ‘रक्तातच’ असते म्हणून तिला नारळ. जे रक्तात असतं त्याला कष्ट लागत नाहीत, असा हा हिशेब आहे. याच हिशेबावर गावगाडा शेकडो वर्षं चालला. दोर मांगानेच वळायचा, कारण तो त्याचा धर्म. दोराचे पैसे मागायचे नाहीत, सुगीला खळ्यावर हात पसरायचा आणि पदरात पडेल ते घ्यायचं. केरसुणीला लक्ष्मी म्हणायचं, दिवाळीला तिच्यावर हळदकुंकू वाहायचं आणि ती बांधणारीला उंबऱ्याबाहेर उभं करायचं. बांधलेली वस्तू देव्हाऱ्यापर्यंत जाते, बांधणारे हात पायरीशी थांबतात. ही परंपरा जपायची म्हणजे नेमकं काय जपायचं, हे एकदा स्पष्ट व्हायला नको का?

शिबिराहून परतताना ठरलं की आजीचा वर्ग आपणच घ्यायचा, अभ्यासिकेतच. फी लावून. आणि लगेच आमच्यातच भांडण पेटलं.

एक ज्येष्ठ कार्यकर्ते खवळून उठले. "बाबासाहेबांनी जे सोडायला सांगितलं तेच तुम्ही पुन्हा हातात देताय? उद्या मेलेली ढोरं ओढायचा वर्ग काढाल!" त्यांचा राग खोटा नव्हता. आमच्या आज्या-पणज्यांनी गावकीची कामं फेकून दिली त्याची किंमत त्यांनी बहिष्कार सोसून, मार खाऊन मोजली आहे. १५ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरच्या भाषणात बाबासाहेबांनी याच मुद्द्याचा समाचार घेतला होता. मेलेली ढोरं ओढणं सोडल्याने अस्पृश्यांचं वर्षाला पाचशे रुपयांचं नुकसान होतं, असा हिशेब ‘केसरी’त छापून आलेल्या पत्रांत मांडला गेला होता. बाबासाहेबांनी उलट विचारलं, एवढा नफा असेल तर तुम्हीच का ओढत नाही? वर माझ्याकडचेही पैसे देतो. त्या हिशेबनीसांपैकी कुणी पुढे आलं नाही. आज ‘कला मरतेय हो’ म्हणून गळा काढणाऱ्यांनाही हाच प्रश्न आहे. एवढी थोर कला आहे ना, मग तुमच्या मुलाला घाला की त्यात.

पण नीट पाहिलं तर त्याच प्रश्नात आमच्या भांडणाचं उत्तरही आहे. बाबासाहेबांचा झगडा कामाच्या वासाशी नव्हता, ते काम जन्माने कपाळी मारण्याशी होता. ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’ (१९३६) मध्ये त्यांनी दाखवून दिलं की जात ही नुसती कामांची वाटणी नाही. ती काम करणाऱ्या माणसांचीच वाटणी आहे, आणि तीही उतरंडीची. माणसाचा कल काय, आवड काय, कुवत काय हे न पाहता बापाचं काम पोराच्या गळ्यात पडतं. ज्या कामाला समाज हलकं मानतो त्याची करणाऱ्यालाही किळस येते, त्याचं मन आणि बुद्धी त्यात लागत नाही. मग तो उद्योग वाढणार कसा? म्हणजे जातीने कला सांभाळली, हे म्हणणंच उलटं आहे. जातीने कला कोंडली, आणि कोंडलेली वस्तू कुजते.

यावर गांधीजींनी ‘हरिजन’मधून उत्तर दिलं की वडिलोपार्जित व्यवसायावर पोट भरणं हा वर्णाचा नियम आहे. बाबासाहेबांनी पुढच्या आवृत्तीत त्यांना आरसा दाखवला. बनिया घराण्यात जन्मलेले गांधी तराजू सोडून बॅरिस्टर झाले, त्यांचा धाकटा मुलगा वृत्तपत्राच्या नोकरीत गेला. नियम इतका पवित्र, तर तो स्वतःच्या घरात का नाही? उपदेश नेहमी दुसऱ्याच्या पोरासाठी असतो.

हा वाद जुना झाला असं वाटतं? १९५३ मध्ये मद्रास राज्यात राजाजींनी प्राथमिक शाळेची योजना आणली. मुलांनी अर्धा वेळ शाळेत शिकायचं आणि उरलेला वेळ घरी बापाचा धंदा. पेरियार आणि त्यांच्या चळवळीने ‘कुलकल्वी’, म्हणजे कुळधंद्याचं शिक्षण, म्हणत ती उघडी पाडली. १९५४ मध्ये राजाजींना पायउतार व्हावं लागलं आणि कामराज यांनी ती योजना रद्द केली. आता १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेली पीएम विश्वकर्मा योजना बघा. अठरा व्यवसाय आहेत. त्यात चांभारकाम आहे, न्हाव्याचं, धोब्याचं काम आहे, टोपल्या, चटया आणि झाडू बनवणं आहे. रोज ५०० रुपये विद्यावेतन, अवजारांसाठी १५,००० रुपये, ५ टक्के व्याजाने आधी १ लाख आणि मग २ लाखांचं कर्ज. हे पैसे कारागिराला मिळालेच पाहिजेत, त्याबद्दल आमचं भांडण नाही. योजनेत जातीची अटही लिहिलेली नाही. पण योजनेचा हेतू काय लिहिला आहे? ‘गुरू-शिष्य परंपरा’ किंवा कुटुंबाधारित पारंपरिक कौशल्य बळकट करणं. आणि वयाची अट १८ पासून. अठराव्या वर्षी गरिबाच्या पोरासमोर दोन दारं असतात, एक कॉलेजचं आणि एक बापाच्या धंद्याचं. सरकार कोणत्या दारात कर्ज घेऊन उभं आहे, ते दिसतंच. तमिळनाडू सरकारने २०२४ मध्ये नेमकी यावरच हरकत घेतली. कुळाचा धंदा ही अट नको, वय किमान ३५ करा, असं म्हणत त्यांनी ही योजना नाकारली आणि स्वतःची वेगळी योजना आणली. आपल्या महाराष्ट्रात, फुले-शाहू-आंबेडकरांचं नाव घेतल्याशिवाय ज्यांचं भाषण सुरू होत नाही त्यांच्यापैकी किती जणांनी ही अट वाचली?

म्हणून आजीचं वाक्य आम्हाला इतकं मोलाचं वाटतं. "कुणाबी शिकवीन, पण माझ्या नातीला न्हाई." हजार पानांत जे मांडावं लागतं ते या शाळा न पाहिलेल्या बाईने एका ओळीत मांडलं. तिला कलेचा राग नाही. नातीच्या वाट्याला ती सक्तीने येण्याचा राग आहे.

अखेर वर्ग झाला. पावसाळ्यात, चार रविवार. फी माणशी पाचशे. पत्रकावर आजीचं पूर्ण नाव, आडनावासकट, मोठ्या अक्षरात. बसायला खुर्ची. तिने पहिल्याच दिवशी खुर्ची बाजूला सारली. म्हणाली, "मूठ बांधताना पायाचा आंगठा लागतो रं. खुर्चीत कसा लागंल?" आमचा समतेचा उत्साह जरा जमिनीवर आला. खाली बसणं कामासाठी असेल तर ते कौशल्य आहे. खाली बसवणं जातीसाठी असेल तर तो अपमान आहे. फरक बसणाऱ्याला बरोबर कळतो.

अकरा जण आले. चौदा वर्षांच्या मुलीपासून बँकेतून निवृत्त झालेल्या गृहस्थांपर्यंत. आमच्या वस्तीतले तीन, बाकी बाहेरचे, त्यात ज्यांच्या घरात कुणी कधी केरसुणी विकत आणण्यापलीकडे तिला हात लावला नसेल असेही. शिंदीचे झाप गावाकडून येणाऱ्या टेम्पोतून आजीनेच मागवले होते. ती ते वाळवून ठेवते, बांधायच्या आधी पाणी शिंपडून मऊ करते. पाणी जास्त झालं तर बुरशी धरते, कमी पडलं तर पात वाकताना तुटते. मूठ ढिली राहिली तर महिनाभरात सगळा फडा उलगडतो. नवी केरसुणी झटकून घ्यायची, नाहीतर तीच घरभर भुसा पाडते. बँकवाल्या काकांनी विचारलं, "आजी, पाणी नेमकं किती?" आजी गप्प झाली. तिला असं कुणी कधी विचारलंच नव्हतं. थोड्या वेळाने म्हणाली, "मुठीत दाबली की गार लागली पायजे, हात वला नाय झाला पायजे."

हे ऐकताना आमच्या लक्षात आलं की ही विद्या आहे. विद्येला शब्द लागतात, आणि शब्द तेव्हाच सुचतात जेव्हा न कळणारा माणूस समोर बसून विचारतो. घरातल्या पोराला कुणी समजावून सांगत नाही, ते नुसतं राबतं आणि हात बसतो. बाहेरच्याला शिकवताना मात्र का आणि कसं, हे सांगावं लागतं.

तिसऱ्या रविवारी आजीने दोराचा विषय काढला. घायपाताची पानं पाण्यात कुजवायची, झोडपायची, धुवायची, मग वाख निघतो. कुजवलेल्या पाण्याचा वास आठवडाभर अंगाला राहतो, रसाने हाताला खाज सुटते, कातडी सोलते. ते डोंबिवलीत करून दाखवता येण्यासारखं नव्हतं आणि तिची इच्छाही नव्हती. पण ती नावं सांगत गेली: मोटेचा नाडा आणि सोल, बैलाचा कासरा, वेसण, मुसकी, गाईचं दावं, चऱ्हाट, शिंकं, गोफण. प्रत्येकाचा पीळ वेगळा, जाडी वेगळी. आम्ही विचारलं, "नायलॉनने तुमचा धंदा मारला, नाही का?" ती म्हणाली, "मारला. बरंच झालं. माझ्या धन्याचं हात तरी वाचलं." आणि थोडं थांबून, "पण दोर चांगला वळायचा त्यो. लई चांगला."

या दोन वाक्यांच्या मध्ये जे आहे तेच आम्हाला मांडायचं आहे. हस्तकलेवर उसासे टाकणाऱ्यांना फक्त दुसरं वाक्य ऐकू येतं. आमच्या चळवळीने बराच काळ फक्त पहिलं ऐकलं. इथे आमचीही चूक कबूल करतो. मातंग भावंडांना आम्ही वर्षानुवर्षं सांगत राहिलो, फडा फेका, दोर फेका. बरोबर सांगितलं. पण फेकल्यावर संध्याकाळची चूल कशी पेटायची, याचं उत्तर आमच्यापाशी नव्हतं. आणि त्या हातांत जे कसब होतं त्याला ज्ञान म्हणायची दानतही आम्ही दाखवली नाही. ब्राह्मणी व्यवस्था जे काम हलकं म्हणते ते आम्हीही मनातून हलकंच मानत राहिलो.

मग करायचं काय? आजूबाजूला बघा. आपल्या डोंबिवलीत केस कापायचा, मेकअपचा, शिवणकामाचा, केक-चॉकलेटचा कोर्स करायला हजारो रुपये मोजून मुलंमुली जातात. त्यात सगळ्या जातींची असतात. केस कापणं एका जातीचं काम होतं तोवर त्याला ‘हजामत’ म्हणत, शिवी म्हणून वापरत. प्रमाणपत्र आलं, फी आली, काचेचं दुकान आलं आणि ते ‘हेअर स्टायलिंग’ झालं. नष्ट झालं का? उलट गल्लोगल्ली वाढलं. जे धंदे जातीबाहेर पडले ते जगले. जे जातीत अडकून राहिले ते मरायला टेकले. अर्थात जातीबाहेर पडताना जुन्या कारागिराला मागे टाकून पडायचं नाही, हेही तितकंच खरं. जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडाने कोल्हापुरीसारख्या चपला उतरवल्या, तेव्हा कोल्हापूरचं नाव आधी कुठेच नव्हतं. ओरड झाल्यावर कंपनीने ते मान्य केलं. चप्पल मिलानला पोचली. ती बनवणाऱ्याच्या वस्तीतून बाहेर पडायला चांभाराच्या पोराला मात्र अजून किती धडपडावं लागतं!

विद्या जातीबाहेर देण्याचा धडा आम्हाला परदेशातून आणायचा नाही. पुण्यात लहुजी वस्तादांनी जोतीराव फुल्यांना दांडपट्टा आणि नेमबाजी शिकवली. मांगाने माळ्याला शस्त्रविद्या दिली. जोतीराव-सावित्रीबाईंनी मांग-महारांच्या मुलींना अक्षर दिलं, आणि त्यांच्याच शाळेतल्या मुक्ता साळवेचा निबंध १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. दोन्हीकडून विद्या जातीचं कुंपण ओलांडून गेली. गुरू-शिष्य परंपरा म्हणायचीच तर ही म्हणा. अंगठा कापून घेणारी नको.

म्हणून आमचं म्हणणं थोडक्यात असं. कारागिराला शिकवायला बोलावता, तर जी फी चित्रकलेच्या मास्तरांना तीच त्याला द्या, पत्रकावर नाव छापा, आडनाव विचारू नका. २०२० च्या शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना आहेत, त्यात सुतार-कुंभारांसारख्या स्थानिक कारागिरांकडे शिकायचं आहे. ते दिवस इंग्रजी शाळांतल्या, उच्चवर्णीय घरांतल्या मुलांनी आधी घालवावेत. सरकारी योजनेतून ‘कुटुंबाधारित’ हा शब्द काढून टाका. आणि ज्याच्या घरात ही कला पिढ्यान्‌पिढ्या लादली गेली त्याच्या पोराला ती न शिकण्याचा पूर्ण हक्क द्या. शिकायचीच असेल तर त्याने ती इतर कुणासारखीच, आवडली म्हणून शिकावी.

शेवटी नातीचं सांगायचं राहिलं. ती बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे. आजीने शब्द पाळला, चारही रविवार तिला फड्याला हात लावू दिला नाही. मग ती वही घेऊन बाजूला बसली आणि आजी सांगेल ते लिहीत गेली. पाण्याचं माप, मुठीचे वेढे, दोरांची नावं, कुठला दोर कशाला. वहीची साठ पानं भरली. पहिल्या पानावर आजीचं नाव आहे. आजीला ते वाचता येत नाही, म्हणून नातीने तिचा आंगठा त्या नावाखाली घेतला. आजी हसली, "आता काय जमीन लिवून घेती व्हय माझी?"

तिच्याजवळ जमीन कधी नव्हती. जे होतं ते त्या वहीत उतरलं. फीचे साडेपाच हजार आम्ही तिच्या हातात दिले. तिने दोनदा मोजले आणि त्यातून नातीची परीक्षा फी भरली.

या पावसाळ्यात दुसरा वर्ग आहे. आजीचे हात आता थरथरतात, म्हणून शिकवायला गेल्या वर्षीचे बँकवाले काका तिच्याशेजारी बसणार आहेत. त्यांची मूठ अजून थोडी ढिली बसते. आजी म्हणते, येईल.

जय भीम. जय लहुजी.